पाइपांना तेरा, कढीपत्त्याला अठरा

मराठी माणूस गावाला निघताना काय करतो? बंद करतो. शेगडी बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, मेन स्विच बंद, टाकीचा कॉक बंद, दूध बंद, पेपर बंद. मग कुलूप लावून ते तीनदा ओढून बघायचं, बॅगा घेऊन जिना उतरायचा, आणि रिक्षा सुरू होता होता कुणीतरी "गॅस बंद केला होता ना?" असं पुटपुटलं की एकानं परत वर धावायचं. हा विधी झाल्याशिवाय प्रवासाला निघाल्यासारखं वाटतच नाही. माझ्या वडिलांच्या मते तर ज्या घरातलं सगळं काही बंद करता येत नाही, ते घरच नव्हे, तो कारखाना.

या हिशेबानं मिनेसोटातले आम्ही सगळे कारखान्यात राहतो. इथे डिसेंबरात घर बंद करून जायचं नसतं. बंद केलं तर ते फुटतं.

पहिल्यांदा हे वडिलांना फोनवर समजावलं तो संवाद आमच्या घराण्यात अजून सांगितला जातो.

"म्हणजे तुम्ही सगळे इकडे येणार, आणि तिकडे हीटर चालू?"

"हो बाबा."

"घरात कोण असणार आहे?"

"कुणी नाही."

"मग कुणासाठी?"

"पाइपांसाठी."

बराच वेळ पलीकडून फक्त पंख्याचा आवाज येत होता. बाबा म्हणजे दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातानाही पंखा बंद करून जाणारे गृहस्थ. तो पंखा त्या क्षणी चालू राहिला, यावरून त्यांना बसलेल्या धक्क्याची कल्पना यावी. शेवटी ते एवढंच म्हणाले, "पाइपांना थंडी वाजते हे माहीत नव्हतं."

वाजते. मिनिआपोलिसच्या जानेवारीत रात्रीचा पारा उणे तेराच्या आसपास उतरणं हे अगदी सरासरीचं, म्हणजे रोजचं. लाट आली की उणे सत्तावीस, उणे तीस. याच राज्याच्या उत्तरेला टॉवर नावाचं गाव आहे, तिथे २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा उणे ५१ सेल्सियसवर गेला होता. तेव्हापासून कितीही थंडी पडली तरी इथले जुने लोक "टॉवरएवढी नाही" असं म्हणतात आणि टोपी न घालता पत्रपेटीपर्यंत जाऊन येतात.

आता पाण्याचा स्वभाव. जगातले बहुतेक पदार्थ थंड झाले की आकसतात. पाणी चार अंशांपर्यंत शहाण्यासारखं आकसतं आणि मग त्याची मती फिरते. बर्फ होताना ते सुमारे नऊ टक्के फुगतं. आपण शाळेत हे वाचलेलं असतं, "म्हणून बर्फ पाण्यावर तरंगतो" असं उत्तर लिहून दोन गुणही मिळवलेले असतात. पण ते दोन गुण आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीत तरंगत असतील, हे त्या वयात सुचत नाही.

गंमत अशी की पाइप बहुतेक वेळा बर्फ जिथे असतो तिथे फुटत नाही. भिंतीतल्या थंड कोपऱ्यात बर्फाचं बूच तयार होतं, ते वाढत जातं आणि पुढचं पाणी बंद नळाकडे ढकलत राहतं. बूच आणि नळ यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्याचा दाब इतका चढतो की तांब्याचा पाइप वाळलेल्या शेंगेसारखा उभा तडकतो. म्हणूनच थंडीच्या रात्री नळ थोडा ठिबकत ठेवा असं सांगतात. ठिबकणाऱ्या पाण्यानं गोठणं थांबेलच असं नाही, पण दाबाला पळवाट मिळते. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात पाइप गोठवून, फोडून हे सगळं तपासलं. बाहेरचं तापमान उणे सातच्या आसपास गेलं की उघड्यावाघड्या माळ्यावरचे पाइप गोठू लागतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. पगार घेऊन पाइप फोडण्याची नोकरी मला का मिळाली नाही, असं तेव्हापासून वाटतं.

आणखी एक खोच आहे. पाइप तडकला त्या क्षणी फारसं काही होत नाही, कारण मागचं पाणी बर्फाच्या बुचानं अडलेलं असतं. खरा तमाशा बर्फ वितळल्यावर. म्हणजे थंडी गेली, ऊन पडलं, सगळ्यांना जरा बरं वाटलं, की घरात पाऊस सुरू. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाकडे गॅरेजच्या वरच्या बाथरूमचा पाइप असाच गेला. ते तेव्हा कोकणात, गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर. परत आले तेव्हा दिवाणखान्याचं छत सोफ्यावर बसलं होतं, आणि पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला गालिचा तळघरात तरंगत होता. विमा कंपनीनं विचारलेला पहिला प्रश्न: घरात तापमान किती ठेवलं होतं? कारण इथल्या घराच्या पॉलिशीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एकतर घर तापवत ठेवा, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे करा. दोन्ही केलं नसेल तर छत तुमचं, सोफा तुमचा. कॅनडात त्याहून कडक. हिवाळ्यात चार दिवसांपेक्षा जास्त बाहेर जायचं तर कुणीतरी रोज घरात येऊन बघून गेलं पाहिजे, अशी अट तिथल्या बऱ्याच पॉलिशींत असते. टोरंटोचा माझा मावसभाऊ ज्याला किल्ली देतो, त्याच्याकडून रोज थर्मोस्टॅटशेजारी उभं राहून काढलेला फोटो मागवतो. त्या मित्राच्या फोनमध्ये आता स्वतःच्या मुलांपेक्षा आमच्या भावाच्या भिंतीचे फोटो जास्त आहेत.

तुम्ही विचाराल, मग हिवाळ्यातच कशाला जाता? उन्हाळ्यात मुलांना चांगली अडीच महिने सुट्टी असते की. असते. पण ती सुरू होईपर्यंत हापूस संपतो आणि पाऊस लागतो. शिवाय लग्नं. सगळे मामा, मावश्या, आत्या आपापल्या मुलांची लग्नं डिसेंबरात काढतात आणि "तुम्हाला सोयीचं पडावं म्हणून" असं सांगतात. तिकिटं दुप्पट, घराबाहेर उणे वीस, आणि ही म्हणे सोय.

तर तापमान किती ठेवायचं? इथे सगळ्या शहाण्यासुरत्यांचं एकमत आहे: ५५ फॅरनहाइट, म्हणजे तेराच्या जवळपास. त्याखाली जायचं नाही, कारण थर्मोस्टॅट घराच्या मधोमध असतो आणि पाइप बाहेरच्या भिंतीत. मधे तेरा असले तरी सिंकच्या मागच्या कोपऱ्यात काय चाललंय ते त्या कोपऱ्यालाच ठाऊक. म्हणून जाताना सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी टाकायची, उबदार हवा आत शिरावी म्हणून. आपल्याकडे उंदीर शिरेल म्हणून जी दारं बंद करतात, ती.

तेरा हा आकडा मी जाहीर केला तेव्हा बायकोनं विचारलं, "आणि कढीपत्ता?"

अमेरिकेतल्या थंड राज्यांत राहणाऱ्या मराठी घरात कढीपत्त्याचं झाड असतं. उन्हाळ्यात ते अंगणात, ऑक्टोबरपासून दक्षिणेच्या खिडकीत. आमचं झाड एका काकूंच्या झाडाच्या बीपासून आलेलं, त्या काकूंचं आणखी कुणाच्या, अशी त्याची वंशावळ आहे. ते आजारी पडलं तर चार गावांतून फोन येतात. पाइपांना तेरा चालतं. कढीपत्ता तेराला रुसतो, पिवळा पडतो, पानं टाकतो. त्याला अठरा तरी हवेत. अठरा आणि तेरामधला फरक म्हणजे गॅसच्या बिलात दिसणारी रक्कम, आणि त्या रकमेत इथल्या देशी दुकानातला कढीपत्ता जन्मभर विकत घेता येईल, हा मुद्दा मी मांडला. तो मांडायला नको होता असं नाही, पण त्याचा उपयोग झाला नाही. शेजारी तुळस होती. तिच्या बाजूनं तर बोलायचीही गरज नव्हती.

मग देवघर निघालं. पंढरपुरात थंडी सुरू झाली की विठ्ठलाला शाल चढते, कानपट्टी बांधतात. आमच्या बाळकृष्णाला लोकरीचा स्वेटर होताच, बायकोनं त्यावर मफलर गुंडाळला. देवांचा प्रश्न असा तेरात सुटला. झाडांचा सुटेना.

इथे थर्मोस्टॅट या वस्तूविषयी थोडं सांगायला हवं, कारण ती या भागाचीच देणगी आहे. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर नावाच्या गावी अध्यापक घडवणारं एक महाविद्यालय होतं. तिथले प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांचा तास चालू असताना शिपाई दार उघडून आत यायचा, खोली गरम आहे की गार ते बघायचा आणि तळघरात जाऊन भट्टीच्या झडपा हलवायचा. पुन्हा थोड्या वेळानं हजर. जॉन्सन वैतागले आणि त्यांनी एक यंत्र केलं. खोलीचं तापमान बदललं की तळघरात घंटी वाजायची आणि शिपायाला कळायचं, वर यायची गरज नाही. या विद्युत थर्मोस्टॅटचं पेटंट त्यांना १८८३ मध्ये मिळालं. दोनच वर्षांनी आमच्या मिनिआपोलिसमध्ये आल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीची झडप आपोआप हलवणारं यंत्र काढलं, म्हणजे आता शिपायाचीही गरज उरली नाही. तासाला व्यत्यय आला म्हणून वैतागलेले प्राध्यापक मी पुण्यातही भरपूर पाहिले, पण ते शिपायाची बदली करून थांबत.

आता तेच यंत्र फोनला जोडलेलं असतं. त्यामुळे घर सोडून गेलं तरी घर आपल्याला सोडत नाही. ग्रीनलंडवरून विमान जातंय, लोक झोपलेत, आणि मागच्या रांगेत एक मराठी गृहस्थ पैसे भरून वाय-फाय विकत घेऊन बघतोय: घर १३, आर्द्रता २२ टक्के. पुढच्या रांगेत दुसरा बघतोय. त्याचं १४ आहे. दोघं एकमेकांकडे सहानुभूतीनं बघतात.

तरी नुसता थर्मोस्टॅट पुरत नाही. पाणी बंद करायला हवं. त्यासाठी तळघरात मेन वॉल्व्ह शोधायचा. नव्या घरात त्याला दांडी असते, ती पाव फेरा फिरवून पाइपाला आडवी केली की काम झालं. जुन्या घरात गोल चाक असतं. ते वीस वर्षांत कुणी फिरवलेलं नसतं आणि पहिल्यांदा फिरवायला गेलं की ते कधी हलत नाही, कधी हातात येतं. म्हणून त्याची परीक्षा निघायच्या आदल्या रात्री नव्हे, ऑक्टोबरात, प्लंबरचे फोन लागतात तेव्हा घ्यायची. वॉल्व्ह बंद झाला की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा नळ उघडून पाइपातलं पाणी काढायचं, फ्लश ओढून त्याची टाकी रिकामी करायची. फ्रिजचं बर्फ करणारं यंत्र बंद करायचं, नाहीतर ते रिकाम्या पाइपातून पाणी ओढत बसतं. अंगणातल्या नळाचा रबरी पाइप तर पानगळीतच काढून ठेवायचा. तो तसाच लावून ठेवला की गोठू नये म्हणून बनवलेला खास नळही आत पाणी धरून बसतो आणि फुटतो. गॅसवरच्या पाणी तापवण्याच्या टाकीच्या बटणावर 'व्हेकेशन' असा एक खुणेचा टप्पा असतो. आमच्या घरात सुट्टी अशी फक्त तिलाच मिळते, बाकीचे आम्ही लग्नांना जातो.

ज्यांच्याकडे गरम हवेऐवजी गरम पाण्याचे जुने लोखंडी रेडिएटर आहेत, त्यांनी भट्टी बंद करण्याचा विचारही मनात आणू नये. तिथे गोठायला पाणी घरभर फिरतच असतं.

मोरीचं प्रकरण वेगळं. प्रत्येक जाळीखाली पाइपाला एक वळण असतं, त्यात साचलेलं पाणी गटाराचा वास अडवतं. भट्टीच्या कोरड्या हवेत ते पाणी काही आठवड्यांत उडून जातं, आणि परत आल्यावर घरात शिरताच असा वास येतो की मुंबई विमानतळाबाहेरून पुन्हा निघाल्यासारखं वाटावं. जे लोक घर अजिबात न तापवता जातात ते या वळणात गुलाबी द्रव ओततात, प्रोपिलीन ग्लायकॉलचा, न गोठणारा. मोटारीत घालतात तो हिरवा इथे चालत नाही, तो विषारी. आम्ही घर तापवतच असल्यामुळे पाण्यावर चमचाभर तेलाचा थर सोडला की पुरतं, उडणं थांबतं. ते काम बायकोनं केलं. तळघरातल्या मोरीत वाकून ती तेल सोडत असताना मोठ्या मुलानं मोहरी घालणार का असं विचारलं. तो इथे वाढलाय, तरी विनोद आमचाच आहे.

एवढं सगळं करूनही शेवटी लागतो तो माणूस. किल्ली घेणारा.

प्रत्येक गावात एक मराठी माणूस असा असतो जो डिसेंबरात भारतात जात नाही. बहुधा त्याच्या व्हिसाचा शिक्का राहिलेला असतो आणि एकदा गेलो तर परत येऊ की नाही या काळजीनं तो जागचा हलत नाही. हा माणूस म्हणजे आमची खरी विमा पॉलिशी. आमच्याकडच्या त्या मित्राकडे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत किल्ल्यांचा असा जुडगा जमतो की जुन्या वाड्याच्या कारभाऱ्यानं लाजावं. दर रविवारी तो फेरी काढतो. प्रत्येक घरात शिरून आधी हवा हुंगतो, मग तळघरात उतरून कान देतो, मग फ्रीझर उघडतो. फ्रीझरमध्ये एका वाटीत गोठवलेल्या पाण्यावर नाणं ठेवलेलं असतं. नाणं वर असेल तर वीज गेली नव्हती. ते खाली बुडून पुन्हा गोठलं असेल तर मधे बराच वेळ वीज गेली होती, आतलं काही खाऊ नये. नाणं वर असेल तर तो खवलेला नारळ, पुरणाचे गोळे आणि मटार करंज्या यांची पाहणी करतो. त्या पाहणीबद्दल कुणी कधी तक्रार केलेली नाही.

कढीपत्त्याचा प्रश्नही त्यानंच सोडवला. "आणून ठेवा माझ्याकडे, मी आहेच." मग गाडी वीस मिनिटं आधी तापवून ठेवली, कुंडीला सोलापुरी चादर गुंडाळली, आणि दारापासून गाडीपर्यंतचं अंतर मी झाड छातीशी धरून पळत कापलं. मुलांना कधी तसं नेलेलं नाही. त्याच्या घरी पोचलो तर खिडकीत आधीच पाच कढीपत्ते, तीन तुळशी आणि एक ब्रह्मकमळ. प्रत्येकावर मालकाचं नाव आणि पाणी कधी घालायचं याची चिठ्ठी. पाळणाघरच ते.

यावर अतिउष्ण प्रदेशातले मराठी लोक आम्हाला हसत आले. ह्यूस्टनचा मित्र तर दर डिसेंबरात अंगणातला फोटो पाठवायचा, अर्ध्या चड्डीतला. मग फेब्रुवारी २०२१ आला. टेक्सासवर बर्फाचं वादळ, ४५ लाखांहून अधिक घरं-दुकानं अंधारात, आणि तिथले पाइप तर माळ्यावर, कारण गोठण्याचा प्रश्न कधी येईल असं बांधणाऱ्यांना वाटलंच नव्हतं. घरोघर छतातून पाणी आणि नळाला मात्र नाही. त्या आठवड्यात डॅलसजवळचं एक लातूरकर कुटुंब मात्र शांत होतं. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं गाव त्यांचं. बातमी कळताच त्यांनी बाथटब, बादल्या, पातेली, कुकर, सगळं भरून ठेवलं, मेन वॉल्व्ह बंद केला आणि शेजाऱ्यांना तांब्यानं फ्लश कसा करायचा ते शिकवलं. ह्यूस्टनच्या मित्राचे फोटो त्यानंतर बंद झाले.

पुण्यात उतरलो तर सगळे कानटोप्या घालून. पहाटे बाहेर दहा-अकरा. पेपरात महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर दवबिंदू गोठल्याचा फोटो, जो दरवर्षी येतो आणि दरवर्षी पहिल्या पानावर येतो. मी दोन स्वेटरांत हॉलमध्ये चहा पीत होतो आणि फोन सांगत होता की मिनेसोटातलं रिकामं घर तेरा अंशांवर आहे. बाबांनी दोन्ही आकडे विचारून घेतले. माझं कुणीही नसलेलं घर त्यांच्या गॅलरीपेक्षा उबदार आहे हे कळल्यावर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि पेपरातलं शब्दकोडं ओढलं.

लग्नाच्या दिवशी व्हायचं ते झालं. मंगल कार्यालयात साडेदहाचा मुहूर्त, म्हणजे मिनेसोटात आदल्या रात्रीचे अकरा. अंतरपाट धरलेला, आणि खिशातला फोन थरथरला. घर ११. चौथ्या मंगलाष्टकापर्यंत १०. बाहेर उणे सत्तावीस आणि वारा. किल्लीवाला मित्र पाऊण तासावर राहतो, म्हणून शेजाऱ्याला फोन लावला. आमचे शेजारी सत्तरीचे, बोलण्यात कंजूष. "बघतो," एवढंच म्हणाले.

कारण साधं निघालं. नव्या भट्ट्यांचा धूर चिमणीतून जात नाही, घराच्या भिंतीतून दोन पांढरे प्लास्टिकचे पाइप बाहेर येतात, एक हवा घ्यायला, एक सोडायला. वाऱ्यानं बर्फाचा ढीग त्यांच्यावर नेऊन ठेवला होता. श्वास कोंडला की भट्टी स्वतःहून बंद पडते, आणि चार-पाचदा पेटायचा प्रयत्न करून रुसून बसते. कोंडलेल्या धुरानं घर भरण्यापेक्षा हे बरंच.

पण हे कळेपर्यंतचा वेळ मंगल कार्यालयात काढायचा होता. माझा चेहरा बघून आधी आत्या आली, मग मामा, मग नवऱ्याकडचे दोघं, आणि "अमेरिकेत यांचं घर फुटतंय" ही बातमी अक्षता पडायच्या आत जेवणाच्या पंगतीपर्यंत पोचली. पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले एक काका खुर्ची ओढून बसले.

"लाइन चार्ज आहे का?"

"नाही काका, मेन बंद आहे."

"स्कावर उघडला होता?"

"म्हणजे खालचा नळ? हो, उघडाच ठेवलाय."

"आणि वर हवेला वाट?"

"वरचाही उघडा आहे."

"मग रिकाम्या पाइपाला काय धाड भरलीये?" असं म्हणून ते उठले आणि जिलबी बघायला गेले. इंटरनेटवरच्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा तो सल्ला चोख होता. मला मात्र भट्टी पेटल्याशिवाय घास जाईना. पाऊण तासानं शेजाऱ्यांचा निरोप आला: फावड्यानं पाइप मोकळे केले, तळघरातलं भट्टीचं बटण बंद करून पुन्हा चालू केलं, ज्योत आली. थंडी? "फार नाही." मठ्ठ्याच्या वेळेपर्यंत घर अकरावर आलं होतं आणि वाढपी विचारत होता, "अमेरिका, जिलबी?"

निफाडला, सासुरवाडीला, हीच हकिगत सांगितली तेव्हा निराळाच प्रकार झाला. तिथे पारा पाच-सहावर उतरला होता. द्राक्षाच्या बागेत कडाका वाढला की मणी तडकतात, माल गेला. म्हणून सासरे पहाटे तीनला उठून बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवत होते, ठिबकमधून विहिरीचं पाणी सोडत होते. ते जमिनीखालचं असल्यामुळे हवेपेक्षा कोमट. धूर बागेवर पसरून राहतो, पाणी मुळाशी ऊब देतं. मी रिकामं घर, पाइप, तेरा अंश असं सगळं सांगितलं. त्यांनी "कुणासाठी" असं काही विचारलं नाही. काठीनं निखारा सारखा करत म्हणाले, "महिन्याला गॅस किती जातो?" मी आकडा सांगितला. त्यांनी मनात सरपणाचा हिशेब केला, मान हलवली आणि मला दुसऱ्या ओळीच्या टोकाची शेकोटी सांभाळायला पाठवलं.

परतल्यावर घर उलट्या क्रमानं जागं करायचं असतं. मेन एकदम उघडायचा नाही, हळूहळू, सगळ्यात वरचा नळ उघडा ठेवून. नळ आधी खोकतात, मग थुंकतात, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ. कुठे ठिबकत नाही ना हे तळघरात टॉर्च घेऊन बघायचं. टाकीला सुट्टीवरून परत बोलवायचं. तेरावरून वीसवर यायला घराला कितीतरी तास लागतात. भिंती, फरशा, गाद्या सगळंच गार असतं. झोप भारतात राहिल्यामुळे रात्री दोनला सगळं कुटुंब जागं, कोट घालून ओट्याभोवती उभं, आणि लाडू संपत आलेले.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांसाठी चितळ्यांची बाकरवडी घेऊन गेलो. त्यांनी एक तुकडा खाल्ला, विचार केला, दुसरा घेतला. मग कपाटातून स्वतःच्या घराची किल्ली आणि टाइप केलेले तीन कागद काढून माझ्यापुढे ठेवले. दोघं नवरा-बायको मार्चपर्यंत ॲरिझोनाला निघाले होते. इथले पेन्शनवाले असेच जातात. कागदावर सगळं होतं: मेन वॉल्व्ह कुठे, भट्टीचं बटण कुठे, गॅस कंपनीचा फोन, बर्फ कुठून उपसायचा. तिसऱ्या पानावर जाड अक्षरात: माशांची टाकी आहे, घर एकवीसच्या खाली जाऊ देऊ नये.

बायकोनं तो कागद दोनदा वाचला. एकवीस अंश, बिल त्यांचं, आणि दक्षिणेची मोठी खिडकी रिकामी. संध्याकाळी मी पुन्हा गाडी तापवून पाळणाघरातून कढीपत्ता आणायला निघालो. ती म्हणाली, "तुळसही घेऊन या. आणि उरलेल्यांनाही फोन करून विचारते."